डोळ्यांचा रंग साडीच्या काठात शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत नवरात्राच्या रंगांचा तक्ता आलाय. यंदा त्यात साडीच्या रंगाशेजारी आयशॅडोचा रंग पण दिलाय, केशरी साडीला केशरी, हिरवीला हिरवा, लालला लाल, असं सगळे दिवस. सोमवारपासून माझ्या पार्लरमध्ये दहा-बारा मुली तरी तो तक्ता मोबाईलमध्ये घेऊन आल्यात, काकू हेच करायचंय काय काय सामान घेऊ विचारत, आणि मी प्रत्येकीला सांगतेय की अगं थांब, काहीच घेऊ नकोस, आधी साडी घेऊन ये. शेवटी म्हणलं तुम्हालाच लिहावं, तक्ता तुमच्याकडून घराघरात गेला तर हे पण तिथूनच जाऊदे.

मी साताऱ्यात राजवाड्याजवळ २२ वर्षं पार्लर चालवते. त्याआधी एटीडी म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला होता आणि दोन वर्षं एका शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे रंग कागदावर पण हाताळलाय आणि चेहऱ्यावर पण. माझं म्हणणं एवढंच आहे की साडीचा जो मेन रंग असतो तोच उचलून पापणीवर लावायचा नसतो. डोळ्यांचा रंग काठात सापडतो, पदरात सापडतो, जरीत सापडतो, आणि त्यातला कुठला घ्यायचा हे जिच्या पापणीवर तो बसणार तिच्या स्वतःच्या रंगावर ठरतं. तुमच्या तक्त्यात साडी आहे पण ती नेसणारी बाई कुठेच नाहीये.

मागच्या वर्षी केशरीच्या दिवशी एक मुलगी सकाळी पावणेदहाला धावत आली. बँकेत आहे, घरीच मेकअप करून निघाली होती आणि पोवई नाक्यावर मैत्रीण भेटली ती म्हणाली काय गं डोळे आलेत का तुझे. खरंच तसं दिसत होतं. ती गोरी आहे, पापणी पातळ, आतल्या बारीक शिरा दिसतात अशी, आणि त्यावर केशरी आयशॅडो थेट भुवईपर्यंत नेलेली. रडलेल्या, चोळलेल्या, सुजलेल्या डोळ्याचा रंग पण साधारण हाच असतो, लाल, केशरी, गुलबक्षी या घरातला, त्यामुळे हे रंग गोऱ्या पापणीवर नुसते सपाट फासले की बघणाऱ्याला आधी दुखणंच आठवतं. सगळं पुसून परत करायला वेळ नव्हता. मी ओल्या कापसाने भुवईखालचं तेवढं काढलं, पापणीच्या घडीत ब्राऊन फिरवलं आणि केसांच्या मुळाशी काळ्या आयलायनरची जाडसर रेघ ओढली. त्या रेघेने केशरी रंग आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्यामध्ये बांध घातला, आणि तोच रंग लगेच मुद्दाम लावल्यासारखा दिसायला लागला. सात मिनिटांचं काम होतं.

आता तीच केशरी डबी सावळ्या पापणीवर लावून बघा. डोळ्याखालची काळी वर्तुळं झाकायला आम्ही केशरी करेक्टरच वापरतो, कारण निळसर-जांभळट काळेपणा केशरीने मरतो. त्यामुळे सावळ्या पापणीवर पातळ लावलेली केशरी आयशॅडो वेगळा रंग म्हणून दिसतच नाही, पापणी फक्त उजळ वाटते, आणि ती मुलगी म्हणते काकू मला रंगच लागत नाही. डबी तीच, साडी तीच, पण दोघींचं दिसणं दोन टोकांचं. मग एकच तक्ता दोघींना कसा चालेल सांगा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ड्रॉइंगच्या परीक्षा ज्यांनी दिल्यात त्यांना रंगचक्र आठवत असेल. पिवळ्याच्या समोर जांभळा, लालच्या समोर हिरवा, निळ्याच्या समोर केशरी, आणि समोरासमोरचे रंग शेजारी आणले की दोन्ही उठून दिसतात, हे आपण पोस्टर कलर घोटून घोटून शिकलोय. गंमत म्हणजे याचा नीट अभ्यास झाला तो कापडामुळेच. पॅरिसला गोबलँ नावाचा विणकामाचा जुना कारखाना आहे, भिंतीवर लावायची चित्रं विणायचे तिथे, आणि तिथल्या रंगाईच्या खात्यावर शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतोय. त्यांनी तपासलं तर धाग्याच्या रंगात काहीच खोट नव्हती, त्या काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे रंग होते त्यांच्यामुळे तो फिका वाटत होता. यावरून त्यांनी पुढे वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८३९ मध्ये ते पुस्तकरूपाने छापले. मी शाळेत असताना मुलांना हे असं दाखवायचे, करड्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापायचे, एक लाल ब्लाऊजपीसवर ठेवायचा आणि एक हिरव्यावर. लालवरचा करडा हिरवट दिसतो आणि हिरव्यावरचा लालसर दिसतो, मुलं चौकोन उचलून परत परत शेजारी धरून बघायची, सारखेच निघायचे. घरी दोन मिनिटात करून बघण्यासारखं आहे.

आता विचार करा, साडी साडेपाच मीटर आणि पापणी अंगठ्याच्या नखापेक्षा जेमतेम मोठी. साडेपाच मीटरच्या गर्द हिरव्यापुढे तेवढासा हिरवा ठिपका मळका वाटणार नाहीतर उसना आणल्यासारखा वाटणार, कारण दोन हिरवे कधीच एकसारखे मिळत नाहीत. कापडाचा रंग धाग्यात मुरलेला असतो आणि आयशॅडो म्हणजे अभ्रक आणि खनिज रंगाची पूड दाबून बसवलेली, दोघांची चमकच वेगळी. अगदी जवळपास जुळलेला पण न जुळलेला रंग सगळ्यात वाईट दिसतो, त्यापेक्षा सरळ दुसरा रंग बरा.

आणि आपल्याकडे तो दुसरा रंग शोधायला लांब जावं लागत नाही कारण आपली साडी एकरंगी असतेच कुठे. विणकराने ठरवूनच काठ वेगळा घातलेला असतो. चिंतामणी पैठणीला राणी काठ, आंबा रंगाला हिरवा, इरकलीला लाल काठ आणि टोपे-तेनीचा लाल-पांढरा पदर. धूपछाँव असेल तर ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, साडी हलली की रंग बदलतो. रंगाला रंग कुठला शोभतो याचा विचार त्या माणसाने मागावर बसून आधीच केलेला असतो आणि तो पिढ्यानपिढ्या मुरलेला विचार असतो, आपण तो फक्त वाचायचा. माझी पद्धत सांगते. साडी खिडकीशी न्यायची, ट्यूबलाईटखाली नाही. पदर खांद्यावर टाकायचा आणि हनुवटीच्या खाली धरायचा. आधी जर बघायची, पिवळी सोनेरी आहे की तांबूस आहे की रुपेरी, पापणीच्या मधोमध जी चमक लावायची ती त्या जरीच्या जातीची. मग काठ बघायचा, काठातला जो सगळ्यात गडद रंग असेल तो डोळ्याच्या कडेला रेघेत घ्यायचा. घडीत आपल्या अंगाच्या रंगापेक्षा दोन छटा गडद असा ब्राऊन. झालं, साडीचा मेन रंग डोळ्यात कुठेच नाही आणि तरी कोणीही बघून म्हणतं किती मॅचिंग झालंय.

मागच्या वैशाखात एका लग्नाची ऑर्डर होती. नवरीचं झालं, बहिणींचं झालं, आणि नवरीची आई कोपऱ्यात खुर्चीवर नुसती बसून होती. सावळ्या आहेत, चांगल्या तरतरीत, डोळे मोठे. म्हणलं ताई या आता, तर म्हणाल्या मला नको, फार तर पावडर लावा, सावळ्या माणसाला रंग शोभत नाहीत असं आमच्याकडे पहिल्यापासून सांगतात. बाजूला बसलेल्या एक आत्याबाई पण म्हणाल्या हो हो तिला आपलं ब्राऊन लावा फक्त. मी काही बोलले नाही, त्यांची पैठणी मागितली. वांगी रंगाची, काठ गर्द हिरवा, पदरावर पोपट, आणि पोपटाच्या पंखात बारीक सोनेरी जर. पदर त्यांच्या खांद्यावर टाकून त्यांना गॅलरीत घेऊन गेले, आठचं ऊन होतं. तो हिरवा त्यांच्या गालाशेजारी काय खुलला म्हणून सांगू. मग वरच्या पापणीला जुन्या सोन्यासारखी छटा बोटानेच दाबून लावली, ब्रशने सोनेरी उडतं आणि गालावर सांडतं, घडीत गडद कॉफी, वर काळं आयलायनर, आणि खालच्या पापणीच्या केसांलगत पोपटाच्या पंखातला तो बाटलीसारखा हिरवा, काजळासारखा, एकच रेघ. ओठांना साधा विटकरी. त्यांनी हातात आरसा घेतला आणि कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या जरा मुलीला बोलवा ना. मुलगी आली आणि दोघी एकमेकींकडे बघून रडायला लागल्या, मला आधी आयलायनरची काळजी. पण वॉटरप्रूफ होतं.

हे मी मुद्दाम एवढं लांबवून लिहितेय कारण सावळ्या मुलींना अजून सर्रास सांगतात की तुला रंगीत काही चालणार नाही. फिकट पांढरट रंग तेवढे जपून लावावे लागतात, कारण फिकट गुलाबी, फिकट निळा यात पांढरा रंग जास्त असतो आणि तो आपल्या पापणीवर राख फासल्यासारखा दिसतो. बाकी गर्द हिरवा, मोरपंखी, जांभळा, तांबडं सोनं, आमसुली हे रंग सावळ्या पापणीवर जेवढे श्रीमंत दिसतात तेवढे गोऱ्या पापणीवर दिसत नाहीत, हे २२ वर्षं रोज बघून सांगतेय.

आता नवरात्राचं. नऊ रंग वर्तमानपत्रांतून द्यायची पद्धत सुरू होऊन वीसेक वर्षं झाली असतील, आणि बरेच रंग वारानुसार असतात हे आता शाळेतल्या मुलींना पण पाठ आहे, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल वगैरे. त्या हिशोबाने मी काय केलं असतं ते लिहिते.

पांढऱ्या साडीने सगळ्यात सोपं होतं, कारण पांढरं कापड उजेड वर चेहऱ्यावर फेकतं, फोटोग्राफर पांढरा थर्माकोल धरतो ना तसं. त्या दिवशी कुठलाही एक गर्द रंग चालतो, एकच मात्र, मोरपंखी रेघ किंवा आमसुली. पांढरी आयशॅडो नको, भस्म लावल्यासारखी दिसते. लाल साडीला डोळ्यात लाल बिलकुल नको, लाल कुंकवात आहे, लाल ओठात आहे, डोळ्यांना सोनेरी आणि काळं एवढंच. निळ्याला तांबूस, कारण तांबूस म्हणजे केशरीचाच गडद भाऊ आणि तो चक्रात निळ्याच्या समोर येतो, आणि आपले डोळे बहुतेक सगळ्यांचे तपकिरी असतात त्यांना वरून तांबूस आणि खाली गडद निळं काजळ असं केलं की डोळ्याचा तपकिरी रंग पण उजळतो. पिवळ्याचं तर मी हात जोडून सांगते, पापणीवर पिवळा लावू नका, गव्हाळ रंगावर तो कावीळ झाल्यासारखा दिसतो. लग्नात नवरी अष्टपुत्री नेसते तेव्हा मी कायम आमसुली घेते, जांभळट लाल, पिवळ्याच्या समोरच्या घरातला आणि हिरव्या चुड्याशी पण भांडत नाही. हिरव्या साडीला पण तोच आमसुली चालतो, जरा तांबूस करून. करड्या दिवशी करडा लावला की जागरण झाल्यासारखं दिसतं, तिथे गडद निळा किंवा वांगी.

मोरपंखी रंग ज्या वर्षी येतो त्या वर्षी तर एक मोरपीस हातात घेऊन बसा. मधे गर्द निळा ठिपका, त्याच्याभोवती फिरोजी, मग तांब्यासारखं रुंद कडं आणि त्याबाहेर हिरवट सोनेरी. अख्खं पॅलेट तिथे मांडून ठेवलंय. फिरोजी साडीत आलाच आहे तो सोडायचा, तांब्याचं कडं पापणीवर, हिरवट सोनेरी आतल्या कोपऱ्यात जोंधळ्याच्या दाण्याएवढं, आणि गर्द निळा रेघेत. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझं मलाच फार भारी वाटलं होतं आणि दरवर्षी कोणीतरी तेच मागायला येतं.

गुलाबी आणि जांभळ्याला काठ बघून ठरवा, इथे वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट तक्त्यात असायलाच हवी होती ती म्हणजे उजेड. भोंडला संध्याकाळचा, आरती रात्रीची, दांडिया त्याहून उशिरा. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा प्रकाश फार थोडा असतो, त्यामुळे निळी आणि जांभळी आयशॅडो तिथे काळपट चिखलासारखी दिसते, घरच्या पांढऱ्या एलईडीखाली कितीही छान दिसली असली तरी. मंडपात पिवळे दिवे असतील तर सोनेरी, तांबूस, हिरवट हे रंग तगतात. आणि चष्मा, याबद्दल कोणीच काही लिहीत नाही. मायनस नंबरच्या काचेतून डोळे बारीक दिसतात, म्हणून तिथे रंग जरा जास्त आणि रेघ बारीक. प्लस नंबरच्या काचेतून डोळा मोठा दिसतो आणि त्याबरोबर मेकअपची प्रत्येक चूक पण मोठी दिसते, म्हणून तिथे मॅट आणि नीट मिसळलेलं. पन्नाशीनंतर पण चमकदार पूड सुरकुत्यांत जाऊन बसते, अगदीच हवी असेल तर पापणीच्या फक्त मध्यावर टिकलीएवढी.

आणि शेवटचं पण महत्त्वाचं. तक्ता वाचून मुली लाल आणि राणी रंगाच्या मागे लागतात आणि तो रंग नाही मिळाला की लिपस्टिकच पापणीवर लावतात. एकीने दोन वर्षांपूर्वी व्हॅसलीनमध्ये पिंजर कालवून लावली होती, दोन दिवस डोळे चुरचुरत होते आणि शेवटी डॉक्टरकडे जावं लागलं. पापणीची कातडी अंगावर सगळ्यात पातळ असते. काही पॅलेटमध्ये भडक लाल, गुलाबी, जांभळ्या रंगांबद्दल मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे डोळ्यांजवळ वापरू नये, ते पुसट अक्षर दुकानातच वाचून घ्या, दुकानदार सांगत नाही. सुट्टा सुरमा पण नको, तो मुळात शिशाच्या खनिजाचा करतात. आणि मस्कारा गेल्या दिवाळीचा असेल तर टाकून द्या, उघडल्यावर तीन-चार महिने फार झाले.

माझी विनंती अशी आहे की पुढच्या रविवारी तक्ता परत छापा, पण तीन रकाने करून. साडी, काठ, आणि पापणीचा रंग सावळी, गव्हाळ, गोरी असा तिघींसाठी वेगळा. फोटो इथल्या मुलींचे घ्या, या वेळी जो चेहरा छापला होता त्या चेहऱ्याची एकही मुलगी माझ्या दुकानात आजवर आलेली नाही. फोटो उन्हात काढलेले असावेत. तुमच्याकडे वेळ नसेल तर माझ्याकडच्या तीन मुली तयार आहेत, साड्या आमच्याच, पैसे नकोत, तुमचा फोटोग्राफर सकाळी साडेआठच्या आत आला पाहिजे, नंतर गॅलरीत ऊन कडक होतं. घटस्थापनेच्या आधी छापून आलं तर मुलींना साड्या कपाटातून काढून खिडकीशी धरून बघायला चार-पाच दिवस तरी मिळतील.

आपली नियमित वाचक,
एक ब्युटीशियन, सातारा